साखरझोपेतली साखर : सहा वर्षांच्या लेकीची सकाळची शुगर

मुलुंडकरीण | सोमवार, रात्री ११:५२

लेक सहा वर्षांची, यंदा पहिलीत. दीड वर्षापूर्वी टाइप वन डायबिटीस निघाला. वजन १८ किलो. रात्री बेसल (दिवसरात्र संथ चालणारं इन्सुलिन) ५ युनिट, जेवणाखाण्याला रॅपिड (झटपट चालणारं), दिवसाचं सगळं मिळून १२-१३ युनिट. दंडावर सेन्सर आहे, पण साधा. रीडर टेकवला की आकडा दाखवतो, रात्री आपणहून बोंबलणारा नाही.

दुपार-संध्याकाळ आता बरीच आटोक्यात आलीय. सकाळ काही केल्या ऐकत नाही. शाळा ७:१० ची, बस ६:४० ला गेटवर. (चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असा शासनाचा निर्णय २०२४ मध्ये निघाला होता. आमच्या शाळेकडे तो बहुतेक चालत येतोय.) ५:५० ला उठवते. ब्रश, अंघोळ, वेणी, ६:२० ला एक युनिट, लगेच साखर घातलेलं दूध आणि तीन ग्लुकोज बिस्किटं, की पळ. दुपारी घरी आली की रीडर लावते, सेन्सरमध्ये मागचे आठ तास साठलेले असतात. रोज तेच चित्र : सव्वाआठला ३१८, ३२५, एकदा ३४०. बाई म्हणतात पहिल्या दोन तासांत सारखं पाणी मागते आणि बाथरूमला जाते. अकराच्या सुमारास मात्र ९०, कधी कधी ७०.

वाचलं की पहाटे हार्मोन्समुळे शुगर चढते. नवरा म्हणतो बेसल अर्धा युनिट वाढवूया. सासूबाई म्हणतात रात्रीचा भात बंद कर. त्यात परवा रात्री २ वाजता सहज रीडर लावला तर ५४! झोपेतच दोन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. सकाळी १९८. म्हणजे रात्री लो (शुगर फार खाली) जाऊन सकाळी उसळी मारतेय का? मग बेसल वाढवायचं की कमी करायचं? डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनी आहे. तोवर डोक्याचा भुगा झालाय.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ३:१०

माझा मुलगा नऊ वर्षांचा, डोंबिवली. वेळ बघितलीत ना, आम्हीही जागेच. ५४ आलं तेव्हा बोट टोचून बघितलं होतंत का?

मुलुंडकरीण | मंगळवार, सकाळी ७:०५

नाही हो. आकडा बघून हातपाय गळाले.

चाळकरी | मंगळवार, सकाळी ९:४०

ताई, मी १९८९ पासून टाइप वन. सात वर्षांचा होतो, गिरगावात चाळीत राहायचो. तेव्हा घरात ग्लुकोमीटर नव्हता. आई परीक्षानळीत निळं बेनेडिक्ट द्रावण घ्यायची, त्यात लघवीचे थेंब टाकून स्टोव्हवर उकळायची. निळं राहिलं तर पेढा, विटकरी झालं तर धपाटा. काचेची सिरिंज भांड्यात उकळत ठेवलेली असायची. एका आकड्यासाठी एवढं सगळं, आणि तोही काही तासांपूर्वीच्या शुगरचा. तुमच्याकडे अख्खा आलेख आहे, तो आधी नीट वाचा.

"सकाळी हाय" या दोन शब्दांत दोन वेगळी दुखणी लपलेली असतात. एक, डोळे उघडतानाच शुगर चढलेली. दुसरं, उठताना ठीक आणि नाश्त्यानंतर फुगलेली. पहिलं रात्रीचं, दुसरं नाश्त्याचं. बेसलचा संबंध मुख्यतः पहिल्याशी. तुम्ही सव्वाआठचा आकडा दिलात, अकराचा दिलात. ५:५० चा कुठाय?

आणि अकराला ७० येते, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते अख्ख्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच.

सुईदोरा | मंगळवार, दुपारी २:१५

मी डायबिटीस एज्युकेटर आहे, बारा वर्षं लहान मुलांमध्येच काम. डोस मी इथे सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा प्रांत. पण डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जायचं ते सांगते.

तीन रात्री लिहून काढा. झोपताना, रात्री ३ ला, उठल्याबरोबर अंथरुणातच, इन्सुलिन टोचताना, सव्वाआठला, अकराला. रात्री काय आणि किती वाजता खाल्लं तेही. त्या तीन दिवसांत डोसला हात लावू नका.

पहाटेच्या हार्मोन्सचं जे वाचलंत ते खोटं नाही. ग्रोथ हार्मोन, कॉर्टिसॉल वाढतात, लिव्हर साखर सोडतं, इन्सुलिनचा जोर कमी पडतो. पण हे ठळक दिसतं ते वयात येणाऱ्या मुलांमध्ये आणि मोठ्यांमध्ये. पाच-सहा वर्षांच्या पोरांत पुष्कळदा उलटं असतं. झोप लागल्यावर, साधारण १० ते १ मध्ये चढतात आणि पहाटे उतरतात किंवा सपाट राहतात. मोठ्यांचं नियम म्हणून वाचलेलं लहानांना लावून बेसल वाढवलं की पहाटे ४ ला लो.

लो जाऊन उसळी मारण्याची कल्पना सोमोजी नावाच्या संशोधकांनी १९३० च्या दशकात मांडली. सेन्सर आल्यावर रात्रभराचे आलेख बघायला मिळाले, तेव्हा दिसलं की रात्री लो गेलेल्यांची सकाळ बहुतेक वेळा कमीच असते. तुमच्या १९८ चं कारण मला साधं वाटतं : दोन चमचे साखर. १८ किलोच्या मुलीला लोसाठी किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे पाचेक ग्रॅम पुरते. एक सपाट चमचा. तुम्ही दुप्पट दिलीत. आणि झोपेत कधीच पाजू नका. उठवून बसवायचं, नीट गिळतेय ना बघायचं. ठसका लागला म्हणजे?

कुठल्या कुशीवर झोपते? सेन्सर कुठल्या दंडावर आहे?

मुलुंडकरीण | मंगळवार, दुपारी ४:३०

डाव्या दंडावर. आणि झोपते डाव्या कुशीवर, माझ्याकडे तोंड करून. अरे देवा.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ४:४१

दाबला की सेन्सर खोटं बोलतो. आमच्याकडे महिन्यातून दोन-तीनदा. कूस बदलून दहा-पंधरा मिनिटं थांबा, शंका असेल तर लगेच बोट टोचा.

निसर्गमित्र | मंगळवार, सायंकाळी ६:२०

ताई, इतक्या लहान जिवाला सुया कशाला? सकाळी अनशापोटी कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड. माझ्या मेव्हण्याची गोळी बंद झाली. इन्सुलिनची सवय लागते, हळूहळू कमी करत न्या.

रात्रपाळी | मंगळवार, सायंकाळी ६:३३

तुमच्या मेव्हण्याला टाइप टू असेल. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. सवय भाकरीचीही लागते, ती सोडून बघा. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशा पोरांना अर्धपोटी ठेवून दिवस मोजत बसायचे. माझ्या मुलाच्या बाबतीत एका नातेवाइकाने असंच काहीतरी डोक्यात भरवलं, दीड दिवस इन्सुलिन चुकलं आणि चार दिवस आयसीयूत काढले. इथे हे लिहू नका. हात जोडतो.

प्रशासक | मंगळवार, रात्री ८:००

इन्सुलिन बंद किंवा कमी करण्याचे सल्ले या धाग्यावर चालणार नाहीत. वरचा प्रतिसाद उत्तरासकट राहू देतोय, वाचणाऱ्यांना उपयोग होईल. पुढचा उडेल.

मुलुंडकरीण | शुक्रवार, रात्री १०:२०

तीन रात्री झाल्या. बुधवारचे आकडे देते, बाकी दोन दिवस याच्याच आसपास.

झोपताना १६५. ११:३० ला २०५ (रात्री साडेनऊला जेवली, हे लोकलने उशिरा येतात आणि तिला बाबांबरोबरच जेवायचं असतं). ३ ला १४८. ५:५० ला अंथरुणात १५२. ६:२० ला, म्हणजे अंघोळ-वेणी होईस्तोवर, काही न खाता १७८. सव्वाआठला ३१६. ११ ला ८८.

गुरुवारी रात्री २ ला पुन्हा ६१ दिसलं. या वेळी बोट टोचलं : १२४. उजव्या कुशीवर वळवली, वीस मिनिटांनी सेन्सर ११९.

आणि एक वेडेपणा. बुधवारी दुपारी बोट टोचलं तर ३८६! भीतीने कीटोनची पट्टी काढली (इन्सुलिन कमी पडलं की अंगात साठणारं आम्ल तपासायची). मग लक्षात आलं, ही बया स्वयंपाकघरात शेवटच्या पायरी आंब्याची कोय चोखत बसली होती. हात धुवून टोचलं तर १६२. म्हणजे ३८६ ही आंब्याची शुगर होती.

चाळकरी | शुक्रवार, रात्री ११:०५

आंब्याची शुगर! हे मी फ्रेम करून लावणार.

आता बघा ताई. ३ ला १४८, ५:५० ला १५२. ही रेघ सपाट आहे. बेसल आपलं काम चोख करतंय, त्याला छळू नका. उठल्यावर अर्ध्या तासात २६ चढली, ते आमचंही होतं, पाय जमिनीला लागले की शुगर जागी होते. खरा डोंगर ६:२० नंतरचा. आणि ११ ला ८८ म्हणजे डोस कमी नाहीच. तो पुरेसा आहे, फक्त उशिरा पोचतोय. डोस वाढवलात तर सव्वाआठचा आकडा थोडा उतरेल आणि अकराला पोर वर्गात लो जाऊन बाकावर डोकं टेकेल.

रॅपिड म्हणायला रॅपिड. कामाला लागायला दहा-पंधरा मिनिटं, जोर चढायला तास-सव्वा तास, अंमल तीन-चार तास. गोड दूध आणि बिस्किटं तोंडात विरघळतात न विरघळतात तोच रक्तात. बिस्किट फास्ट लोकल, इन्सुलिन स्लो. मुलुंडहून दोघांना ६:२० ला सोडलंत तर दादरला आधी कोण? स्लोला आधी सोडा.

रात्रपाळी | शनिवार, पहाटे १:५०

तत्त्वतः मान्य. पण चाळकरी, तुम्ही मोठे आहात, टोचून घेतलंत की खाणारच. सहा वर्षांचं पोर टोचल्यावर "मला नको" म्हणून तोंड फिरवतं तेव्हा काय? आमचा पाच वर्षांचा असताना आम्ही वीस मिनिटं आधी दिलं, तो पोह्यांतल्या मिरचीवरून रुसला. त्या सकाळी मी त्याला बाथरूमच्या दारात बसून फळांचा रस पाजलाय, घोटागणिक एक गोष्ट सांगून. तेव्हापासून लहानांमध्ये आधी टोचायला माझा हात धजत नाही.

सुईदोरा | शनिवार, सकाळी ११:३०

दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच हे ठरवून करायचं. डॉक्टरांना हे विचारा : उठताना शुगर अमुकच्या वर असेल तर किती मिनिटं आधी, खाली असेल तर किती. १५२ ला पंधरा मिनिटं आधी देणं आणि ८५ ला देणं यात फार फरक आहे. ज्या मुलांच्या खाण्याचा भरवसा नाही त्यांना कधी कधी डोस विभागून सांगतात, थोडा आधी, उरलेला खाल्ल्यावर. अर्ध्या युनिटचं पेन आहे का? तिचा हिशेब बघता एका युनिटने शुगर १४० च्या आसपास उतरत असेल. अशा मुलीला पूर्ण युनिटच्या उड्या मारणं म्हणजे पायरीऐवजी गच्चीवरून उतरणं.

सकाळी तेवढ्याच कर्बोदकांना इन्सुलिन जास्त लागणं हेही पुष्कळ मुलांत असतं. रात्री एक युनिट ३५ ग्रॅमला पुरतं आणि सकाळी २० ग्रॅमलाच संपतं. म्हणून सकाळचा रेशो (एका युनिटला किती ग्रॅम) वेगळा असतो का तेही विचारा. पण आधी वेळ बदला, मग रेशो. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

नाश्त्याचं : १५० मिली दुधात साडेसात ग्रॅम, वर चमचाभर साखर, तीन बिस्किटांचे बारा-तेरा, असे २५. त्याऐवजी मुगाची दोन छोटी धिरडी आणि बिनसाखरेचं दूध घेतलंत तरी बेरीज तेवढीच, पण प्रथिनं आणि सालीचा कोंडा असल्याने चढते सावकाश. पोहे वाईट नाहीत, मूठभर दाणे आणि मटार घालून द्या. ३० ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे २३ ग्रॅम कर्बोदकं, एकदा काट्यावर मोजा, मग वाटी ठरवून टाका. सासूबाईंना सांगा, भाताचा यात काही दोष नाही.

टोचता कुठे? गाठी बघितल्यात का?

मुलुंडकरीण | शनिवार, दुपारी १२:१०

सकाळी घाईत उजव्या मांडीवर. रोज उजव्याच. आत्ता हात फिरवला, तिथे लिंबाच्या फोडीएवढं मऊ काहीतरी लागतंय. दुखत नाही म्हणून कधी लक्षच गेलं नाही.

सुईदोरा | शनिवार, दुपारी १२:१४

तिथे टोचणं आजपासून बंद, निदान काही महिने. गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा उतरतं, कधी एकदम. उशिराचं आणखी एक कारण सापडलं. पण नव्या जागी तोच डोस जास्त लागू पडू शकतो, म्हणून पहिले दिवस आकडे जास्त वेळा बघा आणि आजच डॉक्टरांना फोन करा. दहा दिवस थांबू नका.

अनामिका_ठाणे | शनिवार, दुपारी ३:००

थोडं अवांतर. पेन संपलं म्हणून कोणी व्हायल-सिरिंज वापरत असाल तर लाल टोपीची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीला, केशरी टोपीची १०० च्या. आमच्याकडे एका सुट्टीत गावच्या दुकानदाराने अदलाबदल केली होती, नशिबाने भरण्याआधी दिसलं.

आणि शाळेबद्दल. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवलंय की टाइप वनच्या मुलांना वर्गात शुगर तपासायला, इन्सुलिन घ्यायला, मध्येच खायला मुभा द्या. त्याची प्रत आणि डॉक्टरांचं पत्र एकत्र जोडून दिलं की मुख्याध्यापकांचा सूर बदलतो. आमच्या आधीच्या शाळेने मुलाची ग्लुकोजची पुडी "डब्यात बाहेरचा खाऊ" म्हणून काढून घेतली होती.

मुलुंडकरीण | दोन आठवड्यांनंतर, गुरुवार, रात्री ९:४५

कळवायचं राहून गेलं. डॉक्टरांना फोन केला, आकड्यांचा फोटो पाठवला. बेसल तसंच ठेवलं. अर्ध्या युनिटचं पेन दिलं. सकाळी १२० च्या वर असेल तर पंधरा मिनिटं आधी, ९० ते १२० असेल तर खायच्या तोंडावर, त्याखाली असेल तर आधी खाणं. हे आमच्या लेकीपुरतं आहे, कुणी उचलू नका.

आता ५:५० ला अंथरुणातच टोचते, डाव्या मांडीला किंवा पोटाला, साखरझोपेत. ती डोळेही उघडत नाही, नुसतं "हं" म्हणते. ६:०५ ला धिरडं, अंघोळ रात्रीच उरकतो. पहिल्या दिवशी हातात घड्याळ घेऊन तिच्यासमोर उभी होते, ती म्हणाली, आई तू पीटीच्या बाईंसारखी का उभी आहेस?

सव्वाआठला आता २०५ ते २३५. एकदा १९०, तेव्हा मी आणि नवरा एकमेकांना आकडा दाखवत बसलो. दोन दिवस २८० पण आलं, एकदा मीच उशिरा उठले, एकदा का ते कळलं नाही. अकराला ९५ ते ११५.

रात्रपाळी, तुमची सकाळ आमच्याकडेही येऊन गेली. परवा टोचलं आणि धिरड्याचा पहिला घास घेतल्यावर रडायला लागली. पुढचा दात हलतोय, चावता येईना. पाचेक मिनिटं मला काही सुचेना. मग केळं कुस्करून दुधात, वर अर्धा चमचा साखर, आणि बस सोडून दिली. सात वाजता १३२. मी स्वतः रिक्षाने सोडलं. आता दात पडेस्तोवर सकाळी मऊ काहीतरी हाताशी करून ठेवते.

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ११:५८

दात पडला की सांगा. आम्ही आता प्रयत्न करून बघू म्हणतो, मुलगा नऊचा झालाय, मिरचीही खातो.

मुलुंडकरीण | शुक्रवार, सकाळी १०:३०

आणखी एक. शनिवारी शाळेची दिंडी आहे, ही रखुमाई. रविवारी आषाढी. सासूबाईंची साबुदाणा खिचडी तिला सकाळीच हवीय, "विठोबा पण तेच खातो" म्हणे. काय करू?

सुईदोरा | शुक्रवार, दुपारी १:२०

द्या, पण मोजून. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, ५० ग्रॅम कोरड्यात ४४ ग्रॅम कर्बोदकं. आणि तूप-दाण्यामुळे शेपूट लांब, तीन-चार तासांनीही चढत राहते. अर्धी वाटी, बरोबर दही, आणि डोसचं डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. रविवारी फोन लागणार नाही.

चाळकरी | शुक्रवार, दुपारी १:४४

माझी आई वरईचा भात द्यायची आणि म्हणायची साबुदाणा देवाचा, वरई तुझी. वरईने पण चढायची, पण तेव्हा बघायला होतं काय.

मुलुंडकरीण | रविवार, रात्री ९:१०

अर्धी वाटी वाढली होती. टोचून पंधरा मिनिटं झाल्यावर ताट पुढे केलं. चार घास खाल्ले, म्हणाली यात दाणे कमी आहेत, आणि उठली. उरलेल्याचं दूध-पोळी करून भरून काढलं. दहाला २१८, दुपारी एकला १४०. दिंडीत हलणारा दात पडला, रखुमाईचे सगळे फोटो बोळके आलेत.